आशियाई खेळांतला फुटबॉल: नागपूरकरांनो, तुमची आठवण सांगा

क्रिकेटचे किस्से आपल्याकडं ढीगभर. हा धागा फक्त आशियाई खेळांतल्या पुरुष फुटबॉलचा. सामना पाहिला, ऐकला, त्यावरून घरात वाजलं, सगळं चालेल.

सुरुवात मीच करतो. १९ सप्टेंबर २०२३, गणेश चतुर्थी, आणि संध्याकाळी पाचला चीनमधल्या हांगझोऊत भारत-चीन. पाहुणे येऊन राहिले आणि मी टीव्हीसमोरून हलेना. आपला गोलकीपर गुरमीतनं पेनल्टी अडवली. मध्यंतराच्या तोंडावर राहुल के. पी.नं गोलरेषेजवळून, जागाच नसताना, चेंडू आत घातला. १-१! शेवट मात्र १-५. मामा म्हणाले, "काल संध्याकाळी विमानातून उतरलेली पोरं, आज किती पळतील बे?"
– महाल

मामा बरोबर आहेत. पण खेळाडू उशिरा सोडले म्हणून क्लबांना नुसत्या शिव्या देऊ नका. आयएसएल, म्हणजे आपली क्लबांची लीग, २१ तारखेला सुरू होत होती आणि या खेळांसाठी खेळाडू सोडायचं बंधन क्लबांवर नव्हतं. तारखा जुळवायचं काम कोणाचं होतं, ते विचारा. मी कामठीत क्लबकडून खेळलोय, सराव न करता मैदानात उतरल्यावर सत्तराव्या मिनिटाला पायांचं काय होतं ते माहीत आहे.
– कामठी

आमचा सामना म्यानमारचा. २३ तारखेच्या पहाटे अंबाझरी ओसंडून घरात पाणी शिरलं होतं. दुसऱ्या दिवशी दिवसभर गाळ उपसणं. नवऱ्यानं मोबाइल खिडकीत टेकवला, छेत्रीच्या पेनल्टीला सगळे खराटे थांबले. १-१ झाला, पण पुढच्या फेरीत गेलो. कोणीतरी तर्री पोहे आणले होते, ते गार झाले.
– अंबाझरी

आणि सौदीकडून ०-२ हरलो ते २८ तारखेला, अनंत चतुर्दशीला! संघही बाप्पासारखाच पाहुणचार घेऊन गेला.
– धंतोली

तुम्ही सगळे हरल्याचंच सांगून राहिले. माझे वडील रेल्वेत, अजनीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. १९६२ च्या जकार्ताच्या फायनलचं वर्तमानपत्रातलं कात्रण त्यांनी गीतेत ठेवलं होतं. कोरियाला २-१. पहिला गोल पी. के. बॅनर्जीचा, तो रेल्वेचा माणूस, म्हणून घरात त्याचं कौतुक जास्त! खरी गंमत जर्नैलसिंगची. गडी बचावपटू, डोक्याला टाके पडलेले; प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला पुढं खेळवलं आणि दुसरा गोल त्यानंच केला. प्रेक्षक भारताच्या विरोधात ओरडत असताना. त्यानंतर सुवर्ण नाहीच. १९७० ला कांस्य, तेवढंच.
– अजनी

काका, कात्रणाचा फोटो टाका ना! आमच्या मोतीबागच्या पोरांना जर्नैलसिंग कोण ते सांगितलं, तर म्हणे, "कोणत्या टीमकडून खेळते?"
– मोतीबाग