मदत हवी आहे: मध्यवर्ती बँकेच्या प्रादेशिक अभ्यास केंद्राचे पेपर कुठे मिळतील?

उसळपाव
नमस्कार, थोडं अर्जंट आहे. मध्यवर्ती बँकेचं ते प्रादेशिक अर्थव्यवस्थेवर काम करणारं केंद्र आहे ना, त्यांचे पेपर कुठे मिळतात? शोधलं तर नुसत्या क्लासेसच्या जाहिराती येतायत. सोमवारी सरांना प्रकरण दाखवायचंय. 'गूगल करा' म्हणणाऱ्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावं.

बांधावरचा
मध्यवर्ती म्हणजे कुठली? आमच्याकडे मध्यवर्ती म्हटलं की जिल्हा बँकच. आणि तिथे संशोधन होतं ते फक्त संचालकांच्या निवडणुकीवर.

उसळपाव
अहो, देशाची मध्यवर्ती बँक. रिझर्व्ह बँकेसारखी. विषय गंभीर आहे.

निवृत्त_कॅशियर
रिझर्व्ह बँकेत हे काम आर्थिक व धोरण संशोधन विभाग करतो. राज्यांच्या अर्थसंकल्पांवरचा वार्षिक अभ्यास आणि राज्यांची आकडेवारीची हँडबुकं बँकेच्या साइटवर फुकट आहेत. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थाही रिझर्व्ह बँकेनेच १९८७ साली काढली. आमच्या वेळी हे सगळं हाताने चौकटी आखून भरायचो. आता एक बटण दाबलं की मिळतं, तरी मुलांना लिंक हवी असते.

आईसाहेब_ठाणे
माझा मुलगा रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकारी परीक्षेची तयारी करतोय. अर्थशास्त्रासाठी कोणता क्लास चांगला? दादरच्या आसपास असेल तर बरं.

उसळपाव
काकू, प्लीज वेगळा धागा काढा ना. @कॅशियर काका, ती हँडबुकं पाहिली. सर म्हणाले ते हे नाही.

शेंगदाणा_चटणी
मग सर काय म्हणाले? तुमचा विषय काय, काळ कोणता, अडलंय कुठे? यातलं एकही तुम्ही लिहिलेलं नाही.

उसळपाव
महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांमधली तफावत, १९७२ पासून पुढे. जिल्ह्यांच्या उत्पन्नाचे आकडे सत्तर-ऐंशीच्या दशकातले सलग मिळत नाहीत.

वऱ्हाडी_ठेचा
तफावत म्हणता तर राज्यातला प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीपासून सुरू करा. १९८४ चा अहवाल, ३,१८६ कोटींचा अनुशेष. नंतर केळकर समिती, २०१३. विदर्भाच्या वाट्याचं पाणी कुठे मुरलं हे कळायला कुठलं केंद्र नको.

कृष्णाकाठ
झालं सुरू. दांडेकरांनी रस्ते, सिंचन, शाळा, विजेचे पंप मोजले. लोकांचं उत्पन्न नाही मोजलं. धागाकर्त्याला उत्पन्न हवंय. आणि आमच्याकडचे कारखाने सभासदांच्या भागभांडवलावर उभे राहिलेत, तुमच्या पाण्यावर नाहीत.

वऱ्हाडी_ठेचा
सरकारी भागभांडवल आणि शासनाची हमी विसरलात का भाऊ?

शेंगदाणा_चटणी
तुम्ही दोघं खरडवहीत जा. @उसळपाव, सरांनी समासात काही लिहून दिलंय का? असेल तर जसंच्या तसं टाका.

उसळपाव
हो. "उत्पन्न नसेल तर ठेवी वापर. मध्यवर्ती बँकेचं प्रादेशिक केंद्र, कार्टाहेना, पाहा." कार्टाहेना हे लेखकाचं आडनाव समजून शोधलं, भलतंच काहीतरी येतं.

शेंगदाणा_चटणी
हे पहिल्या पोस्टमध्ये टाकलं असतं तर आतापर्यंत जेवण झालं असतं सगळ्यांचं. कार्टाहेना हे कोलंबियातलं कॅरिबियन किनाऱ्यावरचं शहर. तिथल्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे बांको दे ला रिपुब्लिकाने, १९९७ साली आपल्या कार्टाहेना शाखेत प्रादेशिक अर्थशास्त्राचं केंद्र सुरू केलं. मुख्यालय बोगोटाला, पण केंद्र मुद्दाम मागासलेल्या किनाऱ्यावर. पहिले संचालक आदोल्फो मायसेल, पुढे ते बँकेच्या संचालक मंडळावर गेले.

सरांना बहुतेक मायसेल आणि हाइमे बोनेत यांचा १९९९ चा पेपर म्हणायचाय. त्यांचीही अडचण तुमचीच होती. प्रांतवार उत्पन्नाची मालिका १९६० नंतरचीच, म्हणून १९२६ ते १९६० साठी त्यांनी दरडोई बँक ठेवी घेतल्या. पहिल्या काळात प्रांत एकमेकांच्या जवळ येताना दिसतात. १९६० ते १९९५ मध्ये मात्र बोगोटा पुढे निघून जातं आणि दरी रुंदावते. पेपर बँकेच्या साइटवर मोफत आहेत, बरेचसे स्पॅनिशमध्ये. तक्ते भाषांतराशिवायही कळतात.

मिरजेचा_तंबोरा
हाच गट लोकांच्या उंचीवरही काम करतो. ओळखपत्रांवरच्या नोंदी घेऊन दाखवलं की विसाव्या शतकात कोलंबियन माणूस साधारण ९ सेंटिमीटरने उंच झाला. उत्पन्नाचे आकडे नसले की पोषणाची खूण म्हणून उंची धरायची. आपल्याकडे आधार कार्डावर उंची नाही, नाहीतर काय मजा आली असती.

निवृत्त_कॅशियर
ठेवींचे आकडे आपल्याकडेही आहेत. बँकांची मूलभूत सांख्यिकी विवरणपत्रं, बीएसआर, डिसेंबर १९७२ पासून. त्यातून जिल्हावार ठेवी आणि कर्जं मिळतात. अलीकडचं रिझर्व्ह बँकेच्या डेटाबेसवर, जुनं छापील खंडांत. पण जरा जपून. १९६९ ला राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढे खेडोपाडी शाखा उघडल्या. गडचिरोलीसारख्या भागात ठेवी वाढल्या त्या लोक श्रीमंत झाले म्हणून, की गाडग्यातला पैसा बँकेत आला म्हणून? आम्ही स्वतः गावोगाव फिरून खाती उघडलीत. त्या वाढीला उत्पन्नाची वाढ म्हणू नका.

कृष्णाकाठ
+१. आणि त्यात फक्त अनुसूचित व्यापारी बँका आणि ग्रामीण बँका येतात. सांगली-कोल्हापूरचा पैसा जिल्हा बँकेत, नागरी बँकेत, पतसंस्थेत. तो धरला नाही तर आम्ही कागदावर गरीब दिसू.

वऱ्हाडी_ठेचा
दिसा की थोडे दिवस.

देवगड_हापूस
आमची गोष्ट नेमकी उलटी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ठेवी भरपूर, कारण चाकरमान्यांचा पैसा. आधी मनिऑर्डर, मग आखाती देश. कमाई मुंबईत, ठेव गावात. गोव्यातही असंच. दरडोई ठेवींवरून कोकण सुखी ठरेल, आणि कर्जं बघाल तर ठेवींच्या मानाने फारच कमी. त्यामुळे दोन्ही रकाने शेजारी ठेवा.

शेंगदाणा_चटणी
बरोबर, आणि मुंबई तर बाजूलाच काढा. कंपन्यांच्या ठेवी तिथे आहेत. मुंबईसह आणि मुंबईशिवाय अशी दोन्ही गणितं करा. कर्जांत 'मंजुरीचं ठिकाण' आणि 'वापराचं ठिकाण' असे वेगळे आकडे असतात, तुम्ही वापराचे घ्या.

आईसाहेब_ठाणे
उसळपाव तुम्हीच का नाही देत ग्रेड बी? इतका अभ्यास चाललाय.

पेठकर
अवांतर: त्याच कोलंबियन बँकेचं बोगोटात सोन्याचं संग्रहालय आहे, आणि कार्टाहेनातही एक. आपल्या रिझर्व्ह बँकेचं फोर्टात नाण्यांचं आहे. शनिवारी कोणी येणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

उसळपाव
पेपर सापडला, धन्यवाद. स्पॅनिश एक अक्षर कळत नाही, पण ठेवींचा तक्ता कळला. आता नवीन गोंधळ. १९७२ च्या खंडात जालना नाहीच. लातूर, गडचिरोलीही नाही.

निवृत्त_कॅशियर
नसणारच. सिंधुदुर्ग आणि जालना १९८१ चे, लातूर आणि गडचिरोली १९८२ चे. नंदुरबार, वाशीम १९९८, हिंगोली, गोंदिया १९९९, पालघर २०१४. नवे जिल्हे मूळ जिल्ह्यात परत मिळवा आणि जुन्या नकाशावरच सगळी मालिका चालवा. लातूर उस्मानाबादेत, वाशीम अकोल्यात, गोंदिया भंडाऱ्यात. जालन्याला मात्र औरंगाबाद आणि परभणी दोघांचे तालुके गेले होते, म्हणून ते तिन्ही एकच गट धरा. हिंगोलीही त्यातच येईल.

उसळपाव
म्हणजे अर्धा मराठवाडा एका ओळीत? सर मारतील.

शेंगदाणा_चटणी
तळटीप द्या, नाही मारणार. ऐंशीच्या आधीचे बाकीचे खंड हवे असतील तर पुण्याला गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात फोन करून विचारा. सोमवार म्हणताय तर आजच करा.

उसळपाव
आज रविवार आहे.