मदत हवी आहे : केल्पवरचे (मोठं तपकिरी समुद्री शैवाल) जिवाणू अल्जिनेट (त्यातली साखरेची लांब साखळी) तोडतच नाहीत!

थंड_प्लेट
कॉंग्सफ्योर्डमधल्या (स्वालबार्ड, आर्क्टिक) कुजक्या सॅकॅरिना लॅटिसिमा या केल्पवरून ११ आयसोलेट (वेगळे केलेले जिवाणू) काढलेत. ४ अंशांना छान वाढतात. अल्जिनेटवर मात्र ॲक्टिव्हिटी शून्य. डीएनएस (साखर सुटली की लालसर होणारं द्रावण) पिवळं ते पिवळंच, दोनदा करून झालं. अहवाल तोंडावर आलाय, लवकर सांगा.

खारंपाणी
असे (एंझाइमची चाचणी) किती तापमानाला केली? माध्यम कोणतं? सुपरनेटंट (पेशी खाली बसवल्यावर वर उरलेलं द्रव) वापरलं की पेशी?

शैवाल७९
अल्जिनेटच कशाला? केल्प कुजताना मॅनिटॉल आणि लॅमिनारिन या साठवणीच्या साखरा आधी संपतात. फ्युकॉइडन ही साखळी सगळ्यात चिवट : फांद्या, त्यावर सल्फेट, एका एंझाइमचं काम नाही. लॅमिनारिनेज (लॅमिनारिन तोडणारं एंझाइम) बघा, लगेच मिळेल.

खारंपाणी
प्रश्न अल्जिनेटचा आहे हो.

थंड_प्लेट
३७, नेहमीचंच. मरीन ब्रॉथ, सुपरनेटंट.

खारंपाणी
३७ लाच घात झाला. थंडीतली एंझाइमं सैल घडीची असतात, म्हणून तर ४ अंशांना चालतात. त्या सैलपणामुळेच उष्णतेत त्यांची घडी मोडते. ४, १०, २०, ३० अशा नळ्या लावा, १० ला दोन तास द्या.
ब्रॉथमध्ये पेप्टोन (आयतं प्रथिन-खाद्य) भरपूर, मग लायेज (अल्जिनेट तोडणारं एंझाइम) बनवायचं कशाला? ०.२ टक्के सोडियम अल्जिनेट हाच मुख्य कार्बन ठेवा. ते आधी ऊर्ध्वपातित पाण्यात पूर्ण विरघळवा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. त्यात भुकटी थेट टाकलीत तर गाठी धरतात.
आणि पेशींचा गाळ फेकू नका. बॅक्टेरॉइडीट्स या जिवाणू गटात बरीच एंझाइमं पेशीलाच चिकटून असतात.

आयोडीनवाले
एवढा खटाटोप नको. अल्जिनेट-आगर प्लेटवर ग्रॅम आयोडीन ओता, अल्जिनेट तुटलं असेल तर कॉलनीभोवती कडं दिसतं.

खारंपाणी
आयोडीन आगरलाही रंगवतं, कडं नक्की कशाचं ते कळत नाही. १० टक्के सेटिलपिरिडिनियम क्लोराइड ओता : अल्जिनेट पांढरं होतं, तुटलंय तिथे पारदर्शक. कॉलनी मरते, तेव्हा दुसऱ्या प्लेटवर प्रत आधी काढून ठेवा.

थंड_प्लेट
दोन कॉलन्या प्लेटमध्ये खड्डा करून बसल्यात! सापडलं ना?

शैवाल७९
नाही, तो आगरेज, म्हणजे प्लेटमधलं आगरच तोडणारं एंझाइम. आगर लाल शैवालातलं, केल्पमध्ये नसतं. या दोन कॉलन्या द्रव माध्यमात तपासा आणि २३५ नॅनोमीटरला शोषण मोजा. लायेजने साखळी तोडली की दुहेरी बंध तयार होतो, तो तिथे दिसतो. उकळलेल्या एंझाइमचा ब्लँक (तुलनेची नळी) हवाच, प्रथिनंही तिथेच शोषतात.

थंड_प्लेट
१० अंशांची नळी आत्ता लावली.