पतसंस्थेच्या कार्यालयातील काळवंडलेल्या विनाईल टाइल्स कशा स्वच्छ कराव्यात?

शाखाव्यवस्थापक_ठाणे
आमच्या पतसंस्थेची शाखा ज्या भाड्याच्या जागेत आहे, तेथे विनाईल टाइल्सची जुनी फरशी आहे. दारापासून काउंटरपर्यंतचा पट्टा इतका काळा पडला आहे की कपाट सरकवल्यावरच टाइल्सचा मूळ फिकट रंग लक्षात येतो. सफाई कर्मचारी रोज फिनाईल टाकून पुसतात, तरी वाळल्यावर फरशी चिकटच लागते. एकाने अ‍ॅसिड सुचवले, दुसऱ्याने थिनर. टाइल्स बदलण्याइतकी तरतूद यंदा नाही. काय करावे?

फरशीवाला
अ‍ॅसिड आणि थिनर दोन्ही दूर ठेवा. कंपोझिशन प्रकारच्या विनाईल टाइलमध्ये चुनखडीची भुकटी मोठ्या प्रमाणावर असते आणि अ‍ॅसिड नेमके तिलाच खाते. थिनरने विनाईल मऊ पडते. आधी टाइल कोणती आहे ते सांगा. रंगाचे ठिपके पूर्ण जाडीत आहेत, की वर छापील नक्षी आणि तिच्यावर पारदर्शक थर आहे? माप किती आहे? इमारत फार जुनी आणि टाइल्स ९ इंची असतील, तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास फुफ्फुसांना घातक असणारे खनिज तंतू) असू शकते. तसे असल्यास तपासणी होईपर्यंत घासणे, खरवडणे काहीच करू नये.

शाखाव्यवस्थापक_ठाणे
टाइल्स १२ इंची आहेत आणि मागच्या नूतनीकरणात बसवलेल्या आहेत. एका तुटलेल्या कोपऱ्यात ठिपके खालपर्यंत दिसतात. पायपुसण्याखाली मात्र पिवळट तपकिरी डाग आहे, तो कशानेच जात नाही.

देखभाल_अभियंता
या वर्णनावरून ती कंपोझिशन टाइल आहे. तुम्हाला जो काळेपणा दिसतो, तो बहुधा टाइलचा नसून तिच्यावर वर्षानुवर्षे चढवलेल्या पॉलिशच्या थरांत अडकलेल्या मातीचा आहे. म्हणूनच कितीही पुसले तरी तो हलत नाही. हे जुने थर मुळापासून काढणे हाच उपाय आहे आणि त्यासाठी फ्लोअर स्ट्रिपर नावाचे तीव्र अल्कधर्मी रसायन मिळते. ते डब्यावर दिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळावे. हातमोजे, चष्मा आणि न घसरणारे बूट यांत तडजोड नको, कारण ओल्या स्ट्रिपरवरून माणूस साबणावरून घसरावा तसा घसरतो.

संपूर्ण दालन एकदम हाती घेऊ नका. लहानसा भाग आखून तेथे द्रावण पसरा आणि १० मिनिटे थांबा. या वेळात ते वाळू लागले तर आणखी ओता, कारण वाळलेले स्ट्रिपर सुटलेल्या मळासह पुन्हा फरशीला घट्ट चिकटते. नंतर मिनिटाला १७५ फेऱ्यांच्या सिंगल डिस्क मशीनला (एका फिरत्या चकतीचे फरशी घासायचे यंत्र) काळा, म्हणजे खरखरीत पॅड लावून घासा. भिंतीलगत यंत्र पोहोचत नाही, तेथे हातानेच घासावे लागते आणि ठेकेदार नेमका तोच भाग सोडतात. राखाडी गाळ वेट व्हॅक्यूमने (पाणी ओढून घेणारे यंत्र) लगेच उचला, पोछ्याने इकडेतिकडे फिरवू नका. पाणीही साचू देऊ नये. ते सांध्यांतून खाली गेले की गोंद सुटतो आणि टाइलच्या कडा उचलल्या जातात.

यानंतर स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा. अल्कलीचा अंश राहिला तर नवे पॉलिश नीट धरत नाही, म्हणून शेवटी ओल्या फरशीवर पीएच पट्टी (आम्ल-अल्कलीचे प्रमाण दाखवणारा कागद) टेकवून ती धुण्याच्या पाण्याइतकीच वाचते ना ते पाहा. फरशी पूर्ण वाळल्यावर अ‍ॅक्रिलिक पॉलिशचे 4 ते 5 पातळ हात द्या आणि प्रत्येक हात वाळल्याशिवाय पुढचा देऊ नका. घाईने दिलेला एक जाड हात वरून वाळतो, आतून ओला राहतो.

फरशीवाला
वरील पद्धतीशी सहमत आहे, फक्त दोन गोष्टी जोडतो. छापील नक्षीच्या, वर पॉलियुरेथेनचा थर असलेल्या टाइलवर हा प्रयोग कोणी करू नये. तिला सौम्य, उदासीन पीएचचा (ना आम्लधर्मी, ना अल्कधर्मी) क्लीनर आणि लाल, म्हणजे मऊ पॅड पुरेसा असतो. दुसरे म्हणजे तो पिवळट डाग रबरी पाठीच्या पायपुसण्यामुळे पडलेला असणार. रबरातील रसायनाची विनाईलशी प्रक्रिया होऊन रंग टाइलमध्येच उतरतो, त्यामुळे स्ट्रिपरनेही तो जाणार नाही. तेवढ्या टाइल्स बदला आणि पायपुसणे रबर नसलेले घ्या.

शाखाव्यवस्थापक_ठाणे
हे काम शनिवारी संध्याकाळी सुरू करून सोमवारी शाखा उघडता येईल का? आणि रोजचे फिनाईल बंद करावे का?

देखभाल_अभियंता
पावसाळा सोडून केले तर येईल. दमट हवेत पॉलिश उशिरा वाळते आणि पांढुरके पडते, म्हणून पावसाळ्यात करायचेच असेल तर वातानुकूलन चालू ठेवून दोन हातांमधला वेळ वाढवा. फर्निचर परत आणण्यापूर्वी निदान एक रात्र जाऊ द्या. फिनाईल जरूर थांबवा. त्याचा थर साचून धूळ धरतो. त्याऐवजी उदासीन क्लीनर मोजून वापरा आणि धुण्याची बादली पिळण्याच्या बादलीपासून वेगळी ठेवा.