मदत हवी आहे: पीक गेलेल्या वर्षी कापणीच्या सणाची उपकारस्तुती

जय ख्रिस्त. जालना जिल्ह्यातली आमची खेड्यातली मंडळी. काढणीच्या तोंडावर पाऊस लागून राहिला, सोयाबीनला शेतातच कोंब फुटले. तूर उभी आहे, पण तिचं जानेवारीशिवाय काही खरं नाही. कापणीचा सण मात्र ठरल्या रविवारीच करायचा आहे.

नेहमीचा क्रम म्हणजे बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या 26व्या अध्यायाचं (पहिलं पीक देवाला अर्पण करण्याचं) वाचन, टोपल्या वेदीपुढे, उपदेश, मग धान्याचा लिलाव. यंदा लिलाव नको असं पाळकांसह सगळ्यांचं मत पडलं. रिकाम्या हातानं आलेल्यांना तो बोचतो. दानार्पण झाकल्या पेटीत घेणार.

अडचण वाचनांची आहे. याकोब 1:17 एकटं वाचलं की "चांगली देणगी देवाची, मग आमचं गेलं ते कुणामुळं?" हा प्रश्न उरतो, आणि तो रास्त आहे. म्हणून ते 1:2 पासून, म्हणजे संकटांविषयीच्या वचनांपासून, वाचायचं ठरवलंय. हबक्कूक 3:17-18 (पीक आलं नाही तरी देवाच्या ठायी आनंद करीन) घेतलंय. स्तोत्र 136 सवाल-जबाबानं म्हणून पाहिलं: "त्याची दया सनातन आहे" वृद्धांना तोंडपाठ होतं, पण सव्वीस वचनांत विलापाला जागाच नाही. विलापाचं स्तोत्र 13 त्याआधी ठेवावं असं मला वाटतं. काहींच्या मते सणाची सुरुवात रडण्यानं नको.

उपासना दीड तासाची, बरेच जण निरक्षर, त्यामुळं छापील पत्रक चालणार नाही. आधी विलाप मग उपकारस्तुती, असा क्रम कुणी चालवला आहे का? आणि पीक गेलेल्यालाही मनापासून म्हणता येईल असा एका ओळीचा जबाब कोणता ठेवलात?