ब्लॅकआउटच्या सरावात सोसायटीचा मेन पाडायचा का?

पाथर्डीफाटा_कमिटी
7 मजली, दोन विंगा, 42 फ्लॅट. 7 मे 2025 च्या देशव्यापी नागरी संरक्षण सरावाच्या यादीत नाशिक, सिन्नर, मनमाड तिन्ही होती. पुन्हा असा सराव जाहीर झाला तर ऐनवेळी धावपळ नको, म्हणून आत्ताच ठरवतोय. कमिटीत दोन तट आहेत. एक म्हणतो, सायरन वाजला की मीटररूममधला मेन स्विच पाडा, विषय संपला. दुसरा म्हणतो, ज्याने त्याने आपापले दिवे घालवावेत. आवारात 6 सोलर दिवे आहेत, निम्म्या घरांत इन्व्हर्टर आहे. काय करावं?

सिडको_वायरमन
मेन पाडू नका. पाडलात तर अंधार होणार नाही, उलट उजेड होईल. मेन गेला की इन्व्हर्टर सुरू होतो आणि घरात जे बटण चालू असेल तो दिवा लागतो. त्याहून वाईट ते बॅटरीवाले इन्व्हर्टर बल्ब. वीज गेली की ते आपोआप पेटतात आणि तीन-चार तास विझत नाहीत. बाथरूममध्ये, जिन्यात, देवघरात कुणी ना कुणी लावलेलेच असतात. भिंतीवरचं बटण बंद असेल तरच ते गप्प राहतात. म्हणजे बटणं बंद करायला घराघरात जावंच लागणार, मग मेन कशाला?

शिवाय कॉमन मीटर पाडला की लिफ्ट मध्येच अडकते, पाण्याचा पंप बसतो, कॅमेरे जातात. आगीच्या पंपाचा पॅनेल तर कुठल्याही परिस्थितीत बंद करायचा नाही. कुणाकडे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर तो वेगळाच घोर. 5 एप्रिल 2020 ला रात्री 9 मिनिटं देशभर दिवे बंद केले, तेव्हाही फक्त दिवेच बंद करा, पंखे-फ्रिज चालू ठेवा असं सांगितलं होतं. तरी देशाची मागणी सुमारे 31 हजार मेगावॅटनी उतरली होती.

जिना आणि पार्किंगचे दिवे टायमरवर असतील तर पॅनेलमध्ये ते मॅन्युअलवर घेऊन बंद करा. मोशन सेन्सरवाले विसरू नका. लोक खाली उतरायला लागले की एकेक मजला उजळत जातो.

गंगापूररोड_42
सोलर दिव्यांवर गोणपाट टाकलं की काम भागतं.

सिडको_वायरमन
@गंगापूररोड_42 दादा, गोणपाट कशावर टाकता त्यावर आहे. बहुतेक सोलर दिव्यांत पॅनेल हाच सेन्सर असतो. पॅनेल झाकलं की दिव्याला वाटतं रात्र झाली, आणि भर दुपारीसुद्धा तो लागतो. एकाच डब्यात सगळं असलेल्या दिव्याला खाली रबरी टोपीआड बटण असतं, नाहीतर रिमोट असतो. वेगळी बॅटरी असेल तर कंट्रोलरवरून दिव्याची वायर काढा, बॅटरीला हात लावू नका. सहाही दिव्यांचं बटण कुठे आहे ते दिवसाच बघून ठेवा, रात्री शिडी लावणं म्हणजे हातपाय मोडून घेणं.

पंचवटी_वाडा
घरात एखादा दिवा हवाच असेल तर एकच खोली निवडा, शक्यतो डक्टकडची. खिडकीवर जाड काळा कागद किंवा पुठ्ठा, चौकटीच्या चारी बाजूंनी दोन-दोन इंच बाहेर जाईल असा. उजेड काचेतून कमी आणि कडेच्या फटीतून जास्त गळतो. स्लायडिंग खिडकीच्या दोन पल्ल्यांमधली फट, एक्झॉस्ट फॅनचं भोक, बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या, ही तीन ठिकाणं हमखास राहतात. तपासायचं आतून नाही. एकाने खाली रस्त्यावर उभं राहून बघायचं.

एक धोका. सगळं बंद केलेल्या बाथरूममध्ये गॅस गीझर अजिबात लावू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि कागद लावलेल्या खोलीत मेणबत्ती नको. टॉर्चच्या काचेवर खाकी कागदाचे दोन थर, तोंड जमिनीकडे.

काचेवर चिकटपट्टीची फुली मारल्याने काच फुटायची थांबत नाही, फक्त तुकडे थोडे कमी उडतात. खरा उपाय म्हणजे जाड पडदा ओढून खिडकीपासून लांब बसणं. उन्हाचा मारा असलेल्या खिडकीवर ती पट्टी महिनाभर ठेवलीत तर डिंक काचेवरच राहील.

देवळालीकर
सायरनचा अर्थ वॉचमनपासून सगळ्यांना पाठ करून ठेवा: खालीवर होणारा आवाज म्हणजे धोका, एकसलग आवाज म्हणजे धोका टळला. दोन्ही साधारण दोन मिनिटं. एकसलग भोंगा ऐकून लोक घाबरून धावतात, हीच नेहमीची गफलत.

गाड्यांचं: 1971 मध्ये हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवायचे. आता एप्रिल 2017 पासूनच्या दुचाकींना दिवा बंद करायचं बटणच नसतं, इंजिन बंद हाच उपाय. सोसायटीच्या गेटमध्ये शिरणाऱ्याला हे वॉचमनने सांगायला हवं.

पाथर्डीफाटा_कमिटी
मग लिफ्टचं? ती चालू ठेवायची?

सिडको_वायरमन
जाहीर वेळेच्या 10 मिनिटं आधी तळमजल्यावर आणून दार उघडं ठेवून लॉक करा, आतला दिवा बंद. पॉवर राहू द्या. वरच्या मजल्यावर कुणी आजारी असेल तर त्या विंगेच्या लिफ्टची चावी एका माणसाच्या खिशात हवी, कपाटात नको.