गिरगाव ते हॅरो (फॅमिली ग्रुप): प्रोबेटची फी

मोठे काका (पार्ले): *फॉरवर्ड केलेला मेसेज* 🔴 ब्रिटनमध्ये आता मरणंही महाग! मृत्युपत्रावर सरकारी शिक्का हवा तर मोजा ६,००० पौंड! संसदेत जोरदार वादावादी! सर्व एनआरआय बांधवांपर्यंत पोहोचवा 🙏

मोठे काका (पार्ले): विनय, हे बघून ठेव रे. तुमच्या घराचं काय होणार?

नंदाआत्या: सकाळी सकाळी मेल्यागेल्याच्या गोष्टी कशाला? आधी गुड मॉर्निंग तरी घाला.

अरुणकाका (पुणे): 😂😂

विनय (हॅरो): काका, हा मेसेज २०१८-१९ चा आहे. कोणीतरी तारीख काढून पुन्हा सोडलाय. प्रोबेटची (म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याची) ती फी कधी लागूच झाली नाही. इथे मे २०२४ पासून सरसकट ३०० पौंड झाली, इस्टेट लाखाची असो की कोटीची.

मोठे काका (पार्ले): म्हणजे ६,००० हा आकडा खोटा?

विनय (हॅरो): आकडा खरा होता, प्रस्ताव होता. ऑफिसला पोचलो की लिहितो.

स्नेहा: दादा लिही नक्की. आमच्या सिनियरकडे नंदाआत्याच्या फ्लॅटसारखीच एक मॅटर आहे, मला पण हवंय.

नंदाआत्या: माझ्या फ्लॅटला मॅटर म्हणू नकोस.

विनय (हॅरो): हं, आता निवांत आहे. तेव्हा इथे प्रोबेटची फी ठरलेली होती. घरच्यांनी स्वतः अर्ज केला तर २१५ पौंड, सॉलिसिटरमार्फत केला तर १५५. इस्टेट ५,००० पौंडांच्या आत असेल तर काहीच नाही. २०१७ मध्ये सरकारने काढलं की फी इस्टेटीच्या किमतीवर घ्यायची, २० लाख पौंडांच्या वर असेल तर २०,००० पौंड! तेवढ्यात निवडणूक लागली आणि ते बारगळलं. २०१८ च्या शेवटी तेच सौम्य करून परत आणलं:
५० हजारांपर्यंत शून्य
३ लाखांपर्यंत २५०
५ लाखांपर्यंत ७५०
१० लाखांपर्यंत २,५००
१६ लाखांपर्यंत ४,०००
२० लाखांपर्यंत ५,०००
त्यावर ६,०००

मोठे काका (पार्ले): मग यात चुकलं काय? ज्याच्याकडे आहे त्याने द्यावं. गरिबाला तर माफच केलंय.

विनय (हॅरो): सरकार अगदी हेच म्हणत होतं काका. आणखी २५ हजार कुटुंबांना फी लागणार नाही, ८० टक्के लोकांना ७५० किंवा त्याहून कमीच पडेल, आणि कोणालाही इस्टेटीच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त द्यावं लागणार नाही. जमा होणारा पैसा कोर्टांच्या खर्चाला.

अरुणकाका (पुणे): अर्धा टक्का म्हणजे काहीच नाही की. आपल्याकडे घर घेताना स्टॅम्प ड्युटीच केवढी जाते.

विनय (हॅरो): पण स्टॅम्प ड्युटी हा कर आहे अरुणकाका, आणि तो कर म्हणूनच घेतात. प्रोबेटच्या ऑफिसात काम एकच. मृत्युपत्र तपासायचं, एक्झिक्युटर (मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करणारा) कोण ते बघायचं, आदेश द्यायचा. इस्टेट मोठी म्हणून कारकुनाला दहापट काम पडत नाही. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवाल्याने चपलेची किंमत विचारून पैसे घेतले तर आपण देऊ का?

नंदाआत्या: मी तर चपला पिशवीत घालून आतच नेते.

विनय (हॅरो): आणि पायरीची गंमत बघा. इस्टेट बरोब्बर ५ लाख असेल तर ७५०. त्यावर एक पौंड जरी गेली तरी २,५००. लंडनमध्ये साधं सेमी-डिटॅच्ड घर असलं तरी माणूस त्या पायरीवर चढतो. ३,२५,००० च्या वरच्या रकमेवर ४० टक्के वारसा कर आहेच, तो वेगळा. शिवाय ही फी आधी भरायची. बँकेतला पैसा प्रोबेट आल्याशिवाय सुटत नाही आणि प्रोबेट फीशिवाय मिळत नाही.

मोठे काका (पार्ले): तरी तत्त्व चूक नाही. श्रीमंताने जास्त द्यावं.

विनय (हॅरो): द्यावं ना. पण मग त्याला कर म्हणा आणि बजेटमध्ये आणा, म्हणजे कायदा करताना खासदार कलमाकलमाने भांडतील. इथे काय केलं, तर २०१४ च्या एका कायद्यात कलम होतं की लॉर्ड चान्सलरला, म्हणजे न्यायमंत्र्याला, खर्चापेक्षा जास्त फी ठरवता येते. कायद्याचं नाव ऐका: समाजविघातक वर्तन, गुन्हे आणि पोलीस कायदा! त्या एका कलमाच्या जोरावर नुसती ऑर्डर काढली. लॉर्ड्सच्या (संसदेच्या वरच्या सभागृहाच्या) छाननी समितीने लिहून दिलं की हा मागच्या दाराने आणलेला कर वाटतो, फी ठरवण्याच्या अधिकाराचा गैरवापर वाटतो. सरकारी अंदाजपत्रकाचे आकडे तपासणाऱ्या ओबीआरनेही ही रक्कम करातच धरली. सरकार स्वतः मात्र फी फी करत बसलं.

स्नेहा: आपल्याकडे घटनेचं कलम २६५. कायद्याच्या अधिकाराशिवाय कर नाही. म्हणून ‘फी की कर’ यावर कोर्टात वर्षानुवर्षं भांडतात.

अरुणकाका (पुणे): मग संसदेत पडलं का ते?

विनय (हॅरो): नाही, तीच तर खरी गोष्ट. डिसेंबर २०१८ मध्ये लॉर्ड्समध्ये चर्चा झाली. खेद व्यक्त करणारी दुरुस्ती आली, पण नुसत्या खेदाने ऑर्डर अडत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये कॉमन्सच्या (खालच्या सभागृहाच्या) एका छोट्या समितीत मतदान झालं. नऊ विरुद्ध आठ, मंजूर! वर्षाला साधारण १४५ दशलक्ष पौंडांचा मामला आणि एका मताने. मग फक्त सभागृहाची शेवटची मोहोर राहिली. एप्रिलपासून लागू करायचं ठरलं होतं, पण तेव्हा ब्रेक्झिट सोडून कोणाला काही सुचत नव्हतं. तो प्रस्ताव सभागृहापुढे आलाच नाही.

मोठे काका (पार्ले): म्हणजे ब्रेक्झिटने वाचवलं 😄

विनय (हॅरो): हसू नका, इथे लोक खरंच तसं म्हणतात. इकडे फी वाढायच्या आत म्हणून मार्चमध्ये अर्जांचा ढीग पडला, त्यातच प्रोबेटची नवी कॉम्प्युटर यंत्रणा येत होती. लोकांचे घराचे सौदे महिनोन्‌महिने लटकले. शेवटी ऑक्टोबर २०१९ मध्ये नवे न्यायमंत्री रॉबर्ट बकलंड यांनी प्रस्ताव गुंडाळला. पुढे जानेवारी २०२२ मध्ये सगळ्यांना एकच २७३ पौंड केली, जेवढा खर्च तेवढी. ती वाढ शांतपणे पार पडली, कारण भांडण फी वाढवण्यावर नव्हतंच.

स्नेहा: दादा, हीच लढाई मुंबईत आधी होऊन गेलीय, आणि इथे ती कोर्टाने सोडवली. आपल्याकडे दाव्याच्या कोर्ट फीला कमाल मर्यादा होती, १५ हजार. प्रोबेटला मात्र मर्यादाच नाही, जेवढी इस्टेट तेवढी फी वर वर. हायकोर्टाने हा भेदभाव आहे म्हणून तो भाग रद्द केला आणि १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं.

मोठे काका (पार्ले): म्हणजे किमतीवर फी घेणं बेकायदा?

स्नेहा: नाही काका, तिथे तुमचाच मुद्दा टिकला. किमतीच्या प्रमाणात कोर्ट फी घेता येते असं त्याच निकालात आहे. पण एकाला छत आणि दुसऱ्याला उघडं आभाळ, हे चालणार नाही. म्हणून आज महाराष्ट्रात प्रोबेटची फी जास्तीत जास्त ७५ हजार रुपये. अर्थात मुंबईत फ्लॅट म्हटला की ती मर्यादा गाठलीच समजा. वकिलाची फी, पेपरातली नोटीस वेगळी.

नंदाआत्या: ७५ हजार?? आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतायत प्रोबेट आणल्याशिवाय शेअर सर्टिफिकेटवर नाव लावणार नाही.

स्नेहा: आत्या, त्यांना सांग की आता कायदा बदललाय. वारसा कायद्याच्या कलम २१३ मुळे मुंबई, कोलकाता, चेन्नईत हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं होतं. ते कलमच डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने काढून टाकलं. पुण्यात अरुणकाकांना ही कटकट आधीही नव्हती.

अरुणकाका (पुणे): पुण्यात सगळंच आधीपासून बरोबर असतं.

मोठे काका (पार्ले): 🙄

नंदाआत्या: म्हणजे माझे ७५ हजार वाचले?

स्नेहा: सक्ती गेली, प्रोबेट गेलं नाही. सगळे वारस एकमताने सही देत असतील तर गरज पडू नये. पण कोणी उद्या म्हणालं की सही खोटी आहे, तर प्रोबेटसारखा दुसरा आधार नाही. आतोबांच्या मृत्युपत्रावर दोन साक्षीदार आहेत ना? हयात आहेत?

नंदाआत्या: एक समोरचे डॉक्टर. ते ठणठणीत आहेत. दुसरे कोण ते सहीवरून वाचता येत नाही.

विनय (हॅरो): आत्या, फोटो पाठव. ग्रुपवर नको, मला आणि स्नेहाला वेगळा.

नंदाआत्या: कपाटाची किल्ली सुनेकडे आहे. ती दुपारी येते.

स्नेहा: आणि सोसायटीला तोंडी काही बोलू नकोस. त्यांची मागणी लेखी माग, कुठल्या नियमाखाली प्रोबेट हवं ते लिहून द्या म्हणावं. पत्राचा मसुदा मी संध्याकाळी करते.

मोठे काका (पार्ले): मी पण तो मेसेज पार्ल्याच्या ज्येष्ठ नागरिक ग्रुपवर टाकला होता. तिथे आता साठ जण विचारतायत.

विनय (हॅरो): काका, त्यांना स्नेहाचा कलम २१३ वाला मेसेज फॉरवर्ड करा. त्यांच्या कामाचा तोच आहे.