बागेतल्या नेपाळी गड्यांशी हिंदीत बोलायचं की मराठीत?

हापूसवाला_देवगड
काल इथे एका पुणेकर साहेबांनी लिहिलं (मे महिन्यात चार दिवस आंबे खायला येतात आणि वर्षभर सल्ले देतात) की बागायतदार नेपाळी गड्यांशी मोडकंतोडकं बोलून मराठी बिघडवतायत, आधी त्यांना व्याकरणाचे वर्ग लावा, तोवर हिंदीत बोला. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. आमचा राखणदार पावसाळा संपल्यावर येतो नि पाऊस लागायच्या आत गावी जातो, वर्ग लावू कधी, मोहोरावर तुडतुड्याची कीड पडल्यावर? तो मराठी शिकला ती झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) हातात धरून, हा देठासकट काढ, तो कोवळा आहे राहूदे, ती पेटी सावलीत ने. पहिल्या सीझनला नुसता ऐकायचा, आम्हाला वाटलं ह्याच्या डोक्यात काय शिरत नाही, पुढच्या वर्षी आला आणि पेट्या आपटतो म्हणून टेम्पोवाल्याशी भांडला. मराठीत! शिकू देत नाही ते आपणच, समोरच्याचा एक शब्द चुकला की लगेच 'क्या चाहिए भैया' सुरू.

मास्तर_दापोली
हिंदीचं पटलं. वर्गांची टिंगल नाही पटली. तुमचा माणूस 'पेटी आला, झाड पडला' असंच बोलत असणार, पैज लावतो. नेपाळीत निर्जीव वस्तूंना आपल्यासारखी तीन लिंगं नाहीत, आणि चुकलं तरी सगळ्यांना कळतंय म्हटल्यावर चूक तशीच गोठून बसते. भाषा कशी शिकली जाते याचा अभ्यास करणाऱ्या सेलिंकरने 1972 मध्येच लिहून ठेवलंय. कॅनडात इंग्रजी घरातली मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच माध्यमात शिकली, ऐकून समजायचं उत्तम, बोलता-लिहिताना व्याकरण कच्चं ते कच्चंच. त्यावरूनच मेरिल स्वेन या संशोधक बाईंनी 1985 मध्ये मांडलं की नुसतं कानावर पडून भागत नाही, बोलतं करावं लागतं.

हापूसवाला_देवगड
झालं, कॅनडा आलं. मग टेम्पोवाल्याशी भांडला ते काय कानाने भांडला? तुमची बाई माझ्याच बाजूने बोलतेय मास्तर. आणि हो, 'पेटी आला'च म्हणतो. पेटी वाशीच्या बाजारात पोचते ना? दलाल लिंग बघून भाव देत नाही, तसा तो कशालाच भाव देत नाही म्हणा, गेल्या सीझनला आमची विक्रीची पट्टी बघितली असतीत तर रडला असतात.

रापणकार
माका येक सांगा, तो शिकलो ता मराठी खंय? आमच्या होडयेरचे खलाशी 'माका व्हया', 'खंय जातास' म्हणतत. ती मालवणी. पुस्तकातली मराठी त्येंका कोण शिकवतलो?

मास्तर_दापोली
तेच तर म्हणतोय. मालवणी घेऊन बँकेत फॉर्म भरता येतो का?

रापणकार
मास्तरांनू, तोंड सांभाळा. लहानपणी वर्गात 'माका' म्हटलंय म्हणून छडी खाल्लेली आसा मी, तुमच्यासारख्याच मास्तराची. माझी पयली भाषा मालवणी, तुमची प्रमाण मराठी माका दुसरीच भाषा, मार खाऊन शिकलंय. नेपाळ्याक कोण मारीत नाय म्हणान तो बेगीन शिकता!

पेडणेकार
मालवणी ही कोकणीच, उगाच मराठीच्या ताटात वाढू नका. 1992 पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे आमची भाषा.

रापणकार
अनुसूचीत कोकणी आसा, मालवणीचा नाव दाखव. आमका इचारल्यान कोणी?

हापूसवाला_देवगड
पेडणेकर, तुमच्या गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्यात मराठीलाही जागा ठेवलीय, आधी तिथलं भांडण मिटवा मग सिंधुदुर्गात या.

पेडणेकार
जागा ठेवली, राजभाषा नाही केली. कायदा नीट वाचा.

हर्णै_बंदर
तुम्ही भांडा. आमच्या घरात मुसलमानी कोकणी, शाळा उर्दू, बंदरावर लिलावाला मराठी, टीव्हीवर हिंदी. कोणी वर्ग लावले नाहीत, कोणी छड्या मारल्या नाहीत, आणि कुठली पहिली कुठली दुसरी ते मला आजही सांगता येणार नाही. पण मास्तरांच्या बाजूने एक. शेजारच्या बागेतल्या नेपाळी बाईला घेऊन दवाखान्यात गेलेले. बाजारात ती फाडफाड मराठी बोलते, घासाघीस तर माझ्यापेक्षा बरी करते. तिथे डॉक्टरीणबाईंनी विचारलं पाळी कधी चुकली, दुखतं ते कळ येते की जडजड वाटतं, तर नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. बागेत हे शब्द कोण कशाला बोलेल? त्यातून गडी पुरुष, मालक पुरुष. शेवटी हिंदीवरच भागवलं, तेही अर्धंच.

हापूसवाला_देवगड
हे मात्र खरं, आमच्याकडे त्याची बायको दोन सीझन आहे, तिच्याशी कोणी चार वाक्यंही बोललेलं नाही, माझी आईसुद्धा खुणेनेच चहा देते. ठीक आहे मास्तर, तुमचा वर्ग मान्य, फक्त बायकांसाठी, संध्याकाळी सातनंतर, आणि शिकवायला बाई हवी, तुम्ही नको. फी कोण देणार ते पुणेकर साहेबांना विचारा.

मास्तर_दापोली
उपकार झाले. हर्णैच्या ताई, तुम्ही याल का शिकवायला? दुखण्याखुपण्यापासूनच सुरू करू, लिंगं नंतर बघू.

हर्णै_बंदर
दापोलीत असेल तर येईन, देवगडपर्यंत नाही, हायवेचे खड्डे बघितलेत का?

पेडणेकार
वर्ग कुठल्या भाषेत घेणार ते आधी ठरवा.

रापणकार
ह्यो परत इलो.